मिलिमीटरभर काचेचं दुखणं

10 मे 2012 रोजी बर्लिनमध्ये लायका कंपनीने एक नवा डिजिटल कॅमेरा लोकांपुढे ठेवला. त्यात रंगीत फोटो काढताच येत नव्हता. रंगाचा पर्याय कुठे मेन्यूत दडवलेला होता असंही नाही. रंग ओळखायची सोयच आत नव्हती. किंमत मात्र 6,800 युरोंच्या घरात. लायकाचा प्रसिद्ध लाल ठिपकासुद्धा अंगावर नाही, नुसती काळी, मुकी पेटी. नाव एम मोनोक्रोम. साध्या फोनमध्येही लाखो रंग मिळत असताना ते न दिसण्यासाठी एवढे पैसे कोण मोजणार, असं वाटणं साहजिक होतं. पण मोजणारे निघाले आणि त्यांच्या हाती कृष्णधवल छायाचित्रणाचं एक अव्वल यंत्र आलं. पुढे या यंत्राला जो आजार जडला, त्याने डिजिटल कॅमेऱ्याच्या आयुष्याबद्दल एक अवघड प्रश्न उभा केला.

आधी यंत्राची ओळख. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंगांधळाच असतो. त्याचा प्रत्येक पिक्सेल प्रकाश किती पडला एवढंच मोजतो, कोणत्या रंगाचा पडला ते त्याला कळत नाही. 1975 साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तो कृष्णधवलच होता. 100 बाय 100 पिक्सेलचं चित्र, आणि ते कॅसेटवर उतरायला 23 सेकंद! पुढच्याच वर्षी कोडॅकमधल्याच ब्राइस बायर यांच्या नावाने एका रचनेचं पेटंट नोंदलं गेलं. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकेक बारीक फिल्टर बसवायचा. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. पिक्सेलला एकच रंग मोजता येतो. उरलेले दोन शेजारच्यांवरून गणिताने ताडायचे. आज जगातले बहुतेक रंगीत डिजिटल फोटो असेच एक तृतीयांश मोजून, दोन तृतीयांश ताडून तयार होतात.

मोनोक्रोममध्ये बायरची ही जाळी बसवलीच नाही. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. फिल्टरमध्ये अडणारा प्रकाश थेट पिक्सेलवर पडू लागला. ज्या एम9 वरून हा कॅमेरा बेतला त्याची मूळ संवेदनशीलता 160 आयएसओ होती, याची 320 झाली आणि ती 10,000 पर्यंत चढवता येऊ लागली. दुसरं म्हणजे ताडणं संपलं. 1 कोटी 80 लाख पिक्सेल, आणि त्यातला प्रत्येक पिक्सेल स्वतः मोजलेलंच सांगणारा. केसांची बट, विटांचा खडबडीतपणा, कापडाची वीण यांत जो तपशील आला तो रंगीत कॅमेऱ्याचा फोटो नंतर कृष्णधवल करून येत नाही.

याची किंमतही होती. रंगीत फाइलमध्ये उजेड जास्त झाला तर तीनपैकी एखादा रंग वाचलेला असतो, त्यावरून ढगाचा आकार परत आणता येतो. मोनोक्रोममध्ये पांढरं झालं ते कायमचं पांढरं. त्यामुळे वापरणारे मुद्दाम थोडा कमी उजेड घेत आणि सावल्या नंतर उजळत. फिल्मच्या जमान्यातले पिवळे, नारिंगी, लाल फिल्टरही पुन्हा लेन्सवर चढले, कारण निळं आकाश गडद करायचं तर ते फोटो काढतानाच करायला हवं होतं.

आता त्या आजाराच्या मुळाशी असलेल्या काचेकडे. सेन्सरच्या चिपवर एक संरक्षक काच असते आणि लायकाच्या या कॅमेऱ्यांत तीच अवरक्त किरण गाळते. सिलिकॉनला अवरक्त प्रकाश दिसतो, माणसाला नाही. तो आत शिरला तर छटा बिघडतात. 2006 च्या लायका एम8 मध्ये ही काच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची होती. काळं कृत्रिम कापड फोटोत जांभळं दिसू लागलं आणि ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन फिल्टर फुकट देण्याची वेळ कंपनीवर आली.

मग काच जाड का करू नये? कारण लायकाच्या एम मालिकेत लेन्स बसण्याची कडा आणि सेन्सर यांत अंतर फक्त 27.8 मिलिमीटर. आरशाच्या कॅमेऱ्यांत ते दीडपटीहून अधिक असतं. लेन्स इतकी जवळ असली की कोपऱ्यांत किरण फार तिरके येतात, आणि तिरका किरण जाड काचेतून गेला की तपशील फिसकटतो. 1954 च्या एम3 साठी घडवलेली लेन्सही या डिजिटल कॅमेऱ्यावर चालली पाहिजे, हा तर कंपनीचा बाणा. म्हणून काच पातळ हवी आणि तरीही अवरक्त किरण अडवणारी हवी. सप्टेंबर 2009 मध्ये आलेल्या एम9 साठी शॉट या जर्मन कंपनीची एस8612 ही काच 0.8 मिलिमीटर जाडीत वापरली गेली. काम तिने चोख केलं. पण अवरक्त शोषणाऱ्या अशा काचा फॉस्फेट जातीच्या असतात. खिडकीच्या काचेसारख्या त्या पाण्याला दाद न देणाऱ्या नसतात. पावसाळ्यात मीठ ओल धरतं तशी त्यांना दमट हवा बाधते. बचाव एकच, वरचा पातळ लेप. त्या लेपाला केसाएवढी चीर गेली की ओल आत शिरते आणि काच खाल्ली जायला लागते.

लक्षणं फसवी होती. लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढलेल्या फोटोत काहीच दिसत नसे. उघड्या लेन्समधून प्रकाशाचा शंकू रुंद येतो, त्यामुळे काचेवरच्या डागाची सावली पिक्सेलपर्यंत पोचता पोचता विरून जाते. पण छिद्र एफ16 पर्यंत लहान केलं की किरण अरुंद होतात आणि स्वच्छ आकाशात किंवा पांढऱ्या भिंतीवर कडेला फिकट वलय असलेले काळसर ठिपके उमटतात. सुरुवातीला ती धूळच वाटायची. फुंकणीने हवा मारली, ओल्या पुसणीने काच पुसली, तरी ठिपके जागचे हलत नसत. उलट आधीच दुखावलेल्या लेपावर ओल फिरवणं म्हणजे आजाराला निमंत्रण. मुंबईत किंवा कोकणात कॅमेरा सांभाळणाऱ्याला लेन्सची बुरशी नवी नाही. सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा हा तिथला नेहमीचा सरंजाम. पण बुरशी हा बाहेरून आलेला जीव आहे, वेळीच लक्षात आला तर पुसून काढता येतो. इथे काच स्वतःच झिजत होती.

2014 च्या अखेरीस लायकाने दोष मान्य केला. एम9, एम9-पी, एम-ई आणि एम मोनोक्रोम, चारही कॅमेरे यादीत होते. बाधित सेन्सर फुकट बदलून मिळेल, असं कंपनीने सांगितलं. पण सुरुवातीला बदलून मिळायचा तो त्याच काचेचा सेन्सर, म्हणजे आजार परतण्याची भीती कायम. 2015 मध्ये शॉटच्याच बीजी55 काचेचा नवा सेन्सर तयार झाला आणि खऱ्या अर्थाने दुरुस्ती सुरू झाली. कॅमेरा जर्मनीला पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहणं अनेकांच्या वाट्याला आलं. ऑगस्ट 2017 मध्ये नियम बदलला: खरेदीला पाच वर्षं होऊन गेली असतील तर ग्राहकाने जवळपास हजार युरो भरायचे. पुढे 2020 च्या सुमारास बदलायला सेन्सरच शिल्लक राहिले नाहीत.

ते का संपले, हे समजायला कोडॅककडे पाहावं लागतं. हा सेन्सर सीसीडी जातीचा, कोडॅकच्या घराण्यातला. सीसीडीचा शोध 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावला; त्यांना नोबेल मिळालं ते 2009 मध्ये, एम9 आला त्याच वर्षी. पण बाजार तोवर सीमॉस या दुसऱ्या जातीच्या सेन्सरकडे झुकला होता. 2011 मध्ये कोडॅकने आपला सेन्सर विभाग विकला, त्याची ट्रूसेन्स झाली, आणि 2014 मध्ये ती ऑन सेमीकंडक्टरकडे गेली. ज्या चिपला नवीन गिऱ्हाईक उरलं नाही, ती मूठभर जुन्या कॅमेऱ्यांसाठी कोण बनवत राहणार?

मग उरला एक मार्ग: चिप तीच ठेवून फक्त काच बदलायची. अमेरिकेतली कोलारी व्हिजन ही कार्यशाळा एम9 च्या सेन्सरवर हे काम करू लागली. ऐकायला सोपं, पण हात बसलेला लागतो. काच चिपच्या चौकटीला चिकटवलेली असते. ती सोडवताना कण खाली पडला किंवा बारीक तारांना धक्का लागला की चिप गेली. नवी काच जाडीला तंतोतंत लागते, कारण काच जितकी जाड त्याच्या साधारण एक तृतीयांशाने फोकस मागे सरकतो. जाडीत दशांश मिलिमीटरचा फरक झाला तर फोकस तीन शतांश मिलिमीटरने चुकतो, आणि उघड्या लेन्सने काढलेल्या चेहऱ्यात डोळ्यांऐवजी कान स्पष्ट यायला तेवढं पुरतं. म्हणून काच बदलल्यावर रेंजफाइंडरचा (अंतर मोजून फोकस साधणाऱ्या यंत्रणेचा) फोकस तपासून घ्यावाच लागतो.

मोनोक्रोमची कल्पना मात्र या आजाराने मेली नाही. 2015 मध्ये टाइप 246 हा 24 मेगापिक्सेलचा मोनोक्रोम सीमॉस सेन्सर घेऊन आला, 2020 मध्ये एम10 मोनोक्रोम, 2023 मध्ये 60 मेगापिक्सेलचा एम11 मोनोक्रोम. त्याच वर्षी पेंटॅक्सनेही केवळ कृष्णधवल काढणारा कॅमेरा बाजारात आणला. तरीही पहिल्या मोनोक्रोमच्या छटांवर जीव असलेले लोक आजही जुना नग शोधत असतात. ते विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागतात: एफ16 वर काढलेला मोकळ्या आकाशाचा फोटो आणि सेन्सर बदलल्याची कार्यशाळेची पावती. बाहेरून चकचकीत पण जुन्या काचेचा नग, आणि कोपरे घासलेला पण नव्या काचेचा नग, यांत शहाणा माणूस दुसरा उचलतो.

फिल्मच्या कॅमेऱ्यात दर 36 फोटोंनंतर नवी फिल्म पडायची, म्हणजे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग दर वेळी कोरा. कॅमेरा ही फक्त पेटी, लेन्स आणि घड्याळासारखी शटरची यंत्रणा. म्हणून 1954 चा एम3 आजही कुशल कारागीर खोलून, तेल घालून चालता करू शकतो. स्प्रिंग तुटली तरी नवी वळता येते. डिजिटल कॅमेऱ्यात तो पृष्ठभाग कायमचा आत जाऊन बसला, आणि तो घडवणं कुठल्याही कारागिराच्या हातात राहिलं नाही. पितळेचं वरचं आवरण, हाताने जुळवलेला रेंजफाइंडर, पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या लेन्स यांची किंमत लायकाने घेतली, ती टिकाऊपणाची किंमत होती. प्रत्यक्षात कॅमेऱ्याचं आयुष्य ठरवलं त्या एका काचेने आणि दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यातल्या उत्पादनाने. म्हणून महागडा डिजिटल कॅमेरा घेणाऱ्याने मेगापिक्सेलच्या आधी विचारायचा प्रश्न असा: याचा सेन्सर किती वर्षं बदलून मिळेल, आणि ते लिहून देता का?