बोलण्याच्या हेलातून उठलेलं संगीत

आज गाणं नाही, चार वाद्यांचं संगीत समजून घेऊ. दोन व्हायोलिन, त्यांच्याहून थोडं मोठं नि भरड आवाजाचं व्हायोला, आणि खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं चेलो. या चौघांच्या जुळणीला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात.

रचनेचं नाव ‘डिफरंट ट्रेन्स’, म्हणजे वेगळ्या आगगाड्या. अमेरिकेच्या स्टीव्ह राइश यांनी १९८८ साली ती क्रोनोस क्वार्टेटसाठी लिहिली.

राइश तान्हे असतानाच आईवडील वेगळे झाले. वडील न्यूयॉर्कला, आई लॉस एंजेलिसला. देशाची दोन टोकं. १९३९ ते १९४२ या काळात सांभाळणाऱ्या बाईंबरोबर हे पोर आगगाडीनं ये-जा करायचं. मोठेपणी त्यांच्या मनात आलं, आपण ज्यू. तेव्हा युरोपात असतो तर दुसऱ्याच गाडीत कोंबले गेलो असतो. हिटलरच्या राजवटीत ज्यूंना गाड्यांत भरून छळछावण्यांत नेत होते.

मग त्यांनी त्या बाईंनाच आठवणी विचारल्या आणि टेप केल्या. तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. रेल्वेत राबलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराचं बोलणं घेतलं. छळातून वाचून अमेरिकेत आलेल्यांची ध्वनिमुद्रणं मिळवली. जुन्या गाड्यांच्या शिट्ट्याही घेतल्या.

आता खरी गंमत. सासूबाई “आलीस का?” म्हणतात, तेव्हा राग आहे की माया, हे आपल्याला शब्दांवरून नाही, हेलावरून कळतं. तो हेलच राइश यांनी सुरांत उतरवला. टेपवर बाई बोलली की व्हायोला तिच्या हेलानं वाजतं, पुरुष बोलला की चेलो. दुसऱ्याचं मूल सांभाळणाऱ्या बाईचं साधं वाक्य इथं चाल होऊन बसलं. मला तरी यातलं हेच सगळ्यात आवडतं.

सगळं मिळून सत्तावीसेक मिनिटांचं आहे. बैठकीत लावायचं तर पहिला, युद्धाआधीचा भाग लावा. गाडीचा ठेका लगेच ओळखू येतो. दुसऱ्या भागात भोंगे आहेत, तिथं जीव घाबरतो, मुलं जवळ असतील तर बघा.

तिसरा भाग युद्धानंतरचा. त्यात शेवटी गोड गळ्याच्या एका मुलीची आठवण येते. जर्मनांना तिचं गाणं फार आवडायचं. ती थांबली की ते आणखी गायला सांगायचे आणि टाळ्या वाजवायचे.