सून चोर नाही, सासू वेडी नाही : अल्झायमर समजून घेऊया

"बटव्यात पैसे होते, सुनेनेच काढले." "सकाळपासून मला कुणी जेवायला दिलं नाही." आपल्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं. एका घरातलं असं बोलणं संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं. लोक सुनेकडे वेगळ्या नजरेने बघतात, मुलगा बायकोवर ओरडतो. म्हातारीला कुणी 'वेड लागलं' म्हणतं, तर कुणी 'बाहेरचं आहे' म्हणून अंगारा आणून देतं. आपण अंगारे-धुपारे सोडले, पण सल्ला देणारे अजून आहेत.

अशा बोलण्यामागे अनेकदा मेंदूचा आजार असतो. तो ओळखला नाही, तर रुग्णाचेही हाल होतात आणि घरही मोडतं.

हा आजार आहे तरी काय?

विसर इतका वाढतो की रोजची कामं जमेनाशी होतात, त्या स्थितीला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याची कारणं बरीच आहेत, पण सर्वात जास्त आढळणारं कारण अल्झायमर. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. म्हणजे शंभर ज्येष्ठांमागे सात जण.

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला विसर पडत होता आणि ती नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेत होती. १९०६ साली ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात त्यांना चिकट गाठी आणि गुंतलेले धागे दिसले. त्यांच्यावरूनच आजाराला नाव पडलं. पहिल्या रुग्णातही संशय होता, हे लक्षात ठेवा.

मेंदूत दोन प्रकारची प्रथिनं साचत जातात. त्यांच्या जोडीने पेशी मरत जातात. नव्या आठवणी साठवणारा भाग आधी बिघडतो. म्हणून पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी छप्पन सालच्या दीक्षेला वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्याचं बारीकसारीक सांगते, पण अर्ध्या तासापूर्वी जेवल्याचं तिला आठवत नाही. ती ढोंग करत नाही. जेवण झालं, पण मेंदूत त्याची नोंदच झाली नाही.

चोरीच्या आळाचंही तसंच. बटवा तिनेच तांदळाच्या डब्यात ठेवलेला असतो. ठेवल्याची नोंद नाही, मग मन म्हणतं, 'मी हलवला नाही, म्हणजे कुणीतरी घेतला.' दिवसभर जवळ कोण? सून. जी सगळ्यात जास्त करते, तिच्यावरच आळ येतो.

साधा विसर आणि आजार

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, नाव आठवायला वेळ लागणं, हे वयाने होतं. पुढच्या गोष्टी दिसल्या तर डॉक्टर गाठा :

• तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं
• ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकणं
• रोजचा स्वयंपाक किंवा पैशांचा हिशेब न जमणं
• बोलताना साधे शब्द न सापडणं
• स्वभाव बदलणं, संशय, विनाकारण राग किंवा गप्प बसणं

हे सगळं हळूहळू, महिन्या-वर्षांत वाढतं. एक-दोन दिवसांत अचानक बरळणं सुरू झालं, तर तो लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं किंवा अर्धांगाचा झटका असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तपासणी का करायची?

'म्हातारपण आहे, औषध काय करणार?' असं म्हणून घरी बसू नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साचलेलं रक्त, काही गोळ्यांचा परिणाम यांनीही विसर पडतो आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागात दाखवा. आईला लिहिता-वाचता येत नाही म्हणून संकोच नको. निरक्षर माणसांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. दिवसभर घरी सोबत असणारी व्यक्ती बरोबर न्या, खरी माहिती तीच देऊ शकते.

अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांची लक्षणं काही काळ सावरतात. पण शांत बसावं म्हणून दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका. पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो.

घरात कसं वागायचं?

• वाद घालू नका. 'मी नाही घेतले' असं शंभरदा सांगून ते पटत नाही. 'चला आई, दोघी मिळून शोधू' म्हणा. लपवायच्या जागा माहीत करून घ्या.
• 'आत्ताच तर जेवलात' ऐवजी 'देते हं' म्हणा, थोडा चहा किंवा भाकरीचा तुकडा द्या.
• उठणं, आंघोळ, जेवण रोज ठरल्या वेळी. संध्याकाळी बेचैनी वाढते, तेव्हा दिवा लवकर लावा, टीव्हीचा आवाज कमी करा.
• गॅसचा रेग्युलेटर बंद ठेवा. औषधं, रॉकेल, फिनेल हाताला लागू देऊ नका.
• रात्री सार्वजनिक शौचालयाकडे एकटं जाऊ देऊ नका. घरात आडोसा करून भांडं ठेवा.
• मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी कपड्याला आतून शिवा. शेजारी, रिक्षावाले, किराणा दुकानदार यांना आजाराची कल्पना द्या.
• खोलीच्या कागदांवर, पेन्शनच्या पैशांवर कुणी त्यांचा अंगठा घेत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

जी सांभाळते, तिचं काय?

हा आजार अनेक वर्षं चालतो. पुढे रुग्णाला खाऊ घालणं, स्वच्छ करणं, कूस बदलणं, सगळं दुसऱ्याने करावं लागतं. बहुतेक घरांत ते एकटी बाई करते. ती धुण्याभांड्याची कामं सोडते, मजुरी बुडते, तिची झोप जाते आणि वर चोरीचा आळ. अशा बाईचा रक्तदाब मी तपासते, तेव्हा सांगते की ही दुसरी रुग्ण आहे.

मुलांनो, आई तुमची आहे. रात्रीची पाळी घ्या, आंघोळ घाला. लेकींनी आठवड्यातला एक दिवस वाटून घ्यावा. विहारातल्या महिला मंडळाने आळीपाळीने दोन तास जाऊन बसावं, तेवढ्यात ती बाई झोपेल किंवा बाजार करून येईल. मन फार खचलं तर टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत बोलता येतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा नंबर आहे.

आतापासून काय करता येईल?

२०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने बदलता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. ती दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, बिडी-सिगारेट, जास्त दारू, बहिरेपण, कमी दिसणं, एकटेपणा ही त्यातली काही. कमी शिक्षण हेही एक कारण. आपल्या देशातल्या पाहणीतही कमी शिकलेल्यांत आणि बायकांत हा आजार जास्त दिसला. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्या आपल्या आया-आज्या म्हातारपणीही त्याची किंमत मोजत आहेत. म्हणून मुलींची शाळा अर्ध्यावर सोडवू नका.

आणि शेजारच्या घरातून 'सुनेने पैसे चोरले' असं ऐकू आलं, तर गल्लीत सांगू नका. त्या घरी जा आणि आजींना डॉक्टरांना दाखवलं का, ते विचारा.