ड्यूटीवरचे हात आणि यीस्ट



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली, सुना आता एएनएम नाहीतर जीएनएमच्या प्रशिक्षणाला आहेत. दवाखान्यात ड्यूटी लागली, की घरात दोन गोष्टींवरून कुरबुर सुरू होते. एक म्हणजे, “पोर तिथून बुरशीचा रोग घेऊन येईल.” दुसरी, “हातातल्या बांगड्या काढायला लावतात म्हणजे काय?” दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

यीस्ट म्हणजे एका पेशीची बारीक बुरशी. पाव फुगवायला यीस्ट घालतात, ते आपल्याला माहीत आहे. त्याच्याच भावकीतलं एक आहे कँडिडा. ते चांगल्या धडधाकट माणसाच्याही तोंडात, आतड्यात, कातडीवर, बाईच्या योनिमार्गात असतं. असतं म्हणजे नुसती वस्ती असते, आजार नसतो. शेजारचे जिवाणू त्याला फार जागा देत नाहीत आणि शरीराची ताकद त्याला आवरून धरते. अँटिबायोटिकने ते जिवाणू मेले, रक्तातली साखर वाढली किंवा माणूस खंगला, की कँडिडा माजतं. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पुसून न निघणारा पांढरा थर येतो, तो यातलाच. अंगावरून दह्यासारखं घट्ट पांढरं जातं आणि खूप खाज सुटते, तेही बहुतेक वेळा हेच.

आता दवाखान्याचा विचार करा. तिथे अँटिबायोटिक चालू असलेले, सलाइन लावलेले, लघवीची नळी घातलेले रुग्ण शेजारी शेजारी असतात. शिकाऊ मुलगी एकाची नाडी बघते, दुसऱ्याची चादर बदलते, सलाइनच्या स्टँडला हात लावते. यीस्ट तिच्याकडे येतं ते मुख्यतः या हातांवरून. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचे हात तपासले, तेव्हा कँडिडा पॅराप्सिलोसिस नावाचा प्रकार वारंवार सापडला आहे. तो सलाइनच्या प्लास्टिक नळीलाही चिकटून थर धरतो. कमी वजनाच्या नवजात बाळांच्या विभागात त्याची धास्ती असते ती यामुळेच.

दुसरा एक प्रकार नवा आहे, कँडिडा ऑरिस. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून तो पहिल्यांदा ओळखला गेला. ऑरिस म्हणजे लॅटिन भाषेत कान. पुढे दिल्लीच्या रुग्णालयांतही तो सापडला. पलंगाच्या कठड्यावर तो कित्येक दिवस जिवंत राहतो आणि बऱ्याच औषधांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी केली, तिच्यात त्याला सर्वांत वरच्या गटात ठेवलं.

ऐकून भीती वाटली ना? पण तब्येतीने चांगल्या असलेल्या मुलीला यातून सहसा काही होत नाही. धोका आहे तो तिच्या हातून पुढच्या रुग्णाला. म्हणून पोरीला घरी बसवणं हा उपाय नाही. तिचे हात स्वच्छ राहतील हे बघायचं.

इथे बांगड्यांचा प्रश्न येतो. अंगठीखाली आणि बांगडीखाली ओल धरून राहते, साबण नीट पोचत नाही. अंगठीखालच्या कातडीवर जंतू जास्त असतात, हे तपासून पाहिलेलं आहे. वाढवलेल्या आणि चिकटवलेल्या नखांचंही तेच. माझं मत स्पष्ट आहे: ड्यूटीपुरत्या बांगड्या काढल्याने कुणाच्या सौभाग्याला धक्का लागत नाही. घरी आल्यावर खुशाल भरा. पण प्रशिक्षण देणाऱ्यांनीही कारण सांगायला हवं. नुसतं “काढा” म्हणून ओरडायचं आणि वॉर्डातल्या बेसिनवर साबणाचा तुकडासुद्धा ठेवायचा नाही, हे काही बरोबर नाही.

हातावर घाण दिसत असेल तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवायचं. एरवी स्पिरिटवालं हॅण्डरब २० ते ३० सेकंद, हात सुकेपर्यंत चोळायचं. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी. ग्लोव्हज घातले म्हणून सुटका नाही. आत घाम साचतो, काढल्यावर हात पुन्हा साफ करायचेच.

सारखे ओले राहून हात फुटतात आणि फुटलेल्या कातडीत यीस्टचं फावतं. दिवसभर धुणी-भांडी करणारीच्या नखांच्या कडा सुजतात, त्यातलाच हा प्रकार. मुलीला रात्री झोपताना हातांना खोबरेल तेल लावू द्या. ड्यूटीवर मात्र नको, तेलाने रबरी ग्लोव्हज कमजोर होतात.

नखाची कड सुजली, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलायला लागली, तर तिने ते लपवू नये. ट्यूटरला सांगावं, डॉक्टरांना दाखवावं. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली ट्यूब आणून लावू नये. त्यातल्या कितीतरी मलमांत स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते, आणि खाली बुरशी पसरत राहते.