सॅलरी स्लिप नसताना भाड्याचं घर

ऐरोली, महापे, घणसोली हा नवी मुंबईचा पट्टा आयटीतल्या नोकरदारांचा. त्यामुळे इथले एजंट आधी कंपनीचं नाव विचारतात. 'स्वतःचं काम आहे' म्हटलं की घरमालक बिचकतो. तुमची कमाई कमी असेल असं त्याला वाटत नाही, तीन महिने पैसे आलेच नाहीत तर भाड्याचं काय, ही त्याची काळजी असते. ती रास्त आहे, आणि तिला कागदानंच उत्तर द्यावं लागतं.

दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि टीडीएस दाखवणारा फॉर्म 26 एएस एवढं आधीच काढून ठेवा. यात एक मेख आहे. एखादी इंटिरियर डिझायनर वर्षाला 12 लाखांची बिलं करते. गृहीत उत्पन्नाच्या योजनेत ती निम्मी रक्कम, म्हणजे 6 लाख, उत्पन्न म्हणून दाखवते. हे पूर्ण कायदेशीर आहे. पण विवरणपत्राच्या पावतीवर घरमालकाला 6 लाखच दिसतात आणि तो मनातल्या मनात महिन्याचे 50 हजार धरतो. म्हणून पावतीसोबत सीएनं केलेला उत्पन्नाचा तक्ता द्या. त्यात एकूण जमा वेगळी दिसते. एखाद्या ग्राहकाशी वर्षभराचा करार असेल तर त्याची प्रतही जोडा. एवढ्यावरही मालक अडला, तर अनामत एखाद्या महिन्यानं वाढवून देता येते, पण बँकेतूनच द्या आणि तो आकडा करारात येऊ द्या.

करार नोंदणीकृतच हवा, इथे मात्र अजिबात माघार घेऊ नका. 'नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल' असं सर्रास सांगतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. खर्चही फार नाही. भाडं 20 हजार, अनामत 60 हजार आणि मुदत 11 महिने धरा. एकूण भाडं आणि अनामतीवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1000 रुपये. एजंटचा मोबदला वेगळा. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे काम घरबसल्या होतं.

नोकरदारापेक्षा आपल्याला या कागदाची गरज जास्त. घरूनच काम चालत असेल तर जीएसटी नोंदणीला तोच पत्ता लागतो, आणि त्यासाठी करार व वीजबिल मागतात. शिवाय करारात 'फक्त राहण्यासाठी' असं छापील वाक्य असतंच. त्यापुढे 'परवानाधारकास घरातून संगणकावर व्यावसायिक काम करण्यास व हा पत्ता जीएसटीसाठी वापरण्यास मालकाची संमती आहे' ही ओळ सहीआधीच घालून घ्या (परवानाधारक म्हणजे करारातला भाडेकरू). नंतर मागायला गेलात तर मालकाला उगाच शंका येते.

सोसायटीचं म्हणाल, तर आदर्श उपविधींनुसार सभासदानं फ्लॅट भाड्यानं देताना पूर्वपरवानगी घ्यायची नसते, कळवायचं असतं. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. ते सोसायटी मालकाकडून घेते, तेव्हा भाडं ठरवतानाच ते त्यात धरलंय का, हे विचारून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायचं कामही मालकाचं. त्याची पोच मागून ठेवा.