स्प्रे स्कर्ट

स्प्रे स्कर्ट हे सागरी कयाकच्या बैठकीचे तोंड झाकणारे जलरोधक आच्छादन आहे. त्याचा नळीसारखा भाग कयाकपटूच्या कमरेभोवती बसतो, तर सपाट भाग बैठकीच्या उंच कडेवर ताणून अडकवतात. त्यामुळे लाटांचे पाणी आत शिरत नाही. आत साचलेले पाणी हिंदकळल्यास नावेचा तोल जातो. ग्रीनलंडमधील इनुइट शिकारी याच कामासाठी सीलच्या कातड्याचा ‘तुइलिक’ हा टोपीसह अंगरखा वापरत.

प्रकार

निओप्रीनचे आच्छादन कडेवर घट्ट बसते व उलटलेली नाव सरळ करतानाही पाणी थोपवते. मात्र ते उष्ण हवेत उकडते. नायलॉनचे आच्छादन हलके व हवेशीर असते, परंतु मोठ्या लाटेत त्यातून पाणी झिरपते. कोकणासारख्या उष्ण किनाऱ्यावर शांत खाडीत नायलॉन पुरते. खुल्या समुद्रासाठी निओप्रीन अधिक योग्य ठरते. नावेच्या वर उघड्यावर बसण्याच्या कयाकला या आच्छादनाची गरज नसते.

निवड

कडेची लांबी-रुंदी आणि कपड्यांसह कमरेचा घेर मोजून आच्छादन निवडावे लागते. सैल आच्छादन लाटेच्या माऱ्याने सुटते, तर अतिघट्ट आच्छादन गरजेच्या वेळी निघत नाही. पुढची ओढपट्टी नेहमी बाहेर ठेवणे अत्यावश्यक असते. ती आत दबल्यास उलटलेल्या नावेतून सुटका कठीण होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून नवे आच्छादन प्रथम उथळ, शांत पाण्यात, जाणकार सोबत्याच्या उपस्थितीत काढून पाहिले जाते.