दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ हा रकाना

दहावी झाली की मुलाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडतो. त्यावरची जन्मतारीख आपण दोनदा तपासून घेतो, जातीची नोंद बघतो, नावातली वेलांटी चुकली तर दुरुस्त करायला धावतो. त्याच दाखल्यावर ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकाने असतात. वर्तणुकीपुढे बहुधा ‘चांगली’ असा एकच शब्द लिहिलेला असतो. तो शब्द फारसे कोणी वाचत नाही. शेतकरी कुटुंबांनी मात्र तो वाचावा, आणि मूल पाचवी-सहावीत असल्यापासूनच वाचायला लागावे.

बक्षीस कोणाला?

२६ जानेवारीला किंवा स्नेहसंमेलनात बक्षिसे वाटली जातात. पहिला, दुसरा, तिसरा नंबर, टाळ्या, की संपले. वर्गात साठ मुले असतील तर तिघांना पेन मिळाले, सत्तावन्न मुले सतरंजीवर बसून बघत राहिली. आपले मूल त्या सत्तावन्नात असले की घरी येऊन आपण विचारतो, ‘तुला का नाही मिळाले?’ आणि मुलाला वाटू लागते, शाळा आपल्यासाठी नाहीच.

गुणांचा मान राखावाच. पण गुणांखेरीजही कौतुकाच्या जागा आहेत, आणि त्यांतल्या काहींना सरकारी मान्यता आहे. खेळ, लोककला, चित्रकला यांत ठरलेली पात्रता मिळवणाऱ्या मुलांना दहावीत जादा गुण मिळतात. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. मात्र ती पुढे चालू राहायला नववी पहिल्याच खेपेला पास व्हावे लागते आणि दहावीत ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना यात सवलत आहे. म्हणजे बक्षीस एक दिवसाचे नाही, चार वर्षे टिकवायचे आहे.

हजेरीचा हिशेब

दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. आता आपल्या जिल्ह्याचे पंचांग बघा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. वसमत, औंढा, कळमनुरीकडे हळद उकरणे, शिजवणे, वाळवणे ही कामे नेमकी फेब्रुवारी-मार्चात येतात, आणि दहावीची परीक्षाही तेव्हाच. सेनगाव, औंढ्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. थोरल्या मुलीला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवले जाते.

हजेरीपटावर मात्र ‘गैरहजर’ मूल असते. वर्गात बोलणी तेच खाते. मूल दांडी मारते, असे शाळेला वाटते. दांडी मारायला लावणारे आपण असतो. म्हणून पूर्ण हजेरीचे बक्षीस चांगले असले तरी तेवढ्यावर भागत नाही. ज्या मुलीने महिनाभराचा बुडालेला अभ्यास मैत्रिणीची वही घेऊन भरून काढला, तिचेही नाव पुकारले पाहिजे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहून शिकण्याची काय सोय होते, ते विचारावे. मूल मागे ठेवून जाणे जिवावर येते, हे खरे. पण पटावरचे नाव एकदा तुटले की जोडायला जड जाते.

छडी आणि नियम

‘मास्तर, मारा पण पोराला शिकवा’ असे जुनी माणसे सांगत. आता तसे सांगू नये. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना मारणे आणि घालूनपाडून बोलून त्यांचा छळ करणे, दोन्हींना बंदी केली आहे. याचा अर्थ शिस्त नको असा नव्हे. शिस्त आधी सांगावी लागते. वेळेवर येणे, वर्गात मोबाईल न आणणे, मुलींना चिडवू नये, शाळेच्या बाकाची, नळाची नासधूस करू नये, हे जूनमध्येच लिहून मुलांना आणि पालकांना दिले, चूक झाल्यावर काय होईल तेही सांगितले, तर निम्मी भांडणे होतच नाहीत. कानात वारे शिरलेल्या वासराला आपण मारून गाडीला जुंपत नाही, सवयीने जुंपतो.

कॉपीचेही तसेच. परीक्षेतले गैरप्रकार राज्याच्या १९८२ च्या कायद्याने गुन्हा आहेत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली, ती राज्यभर गाजली. पण खिडकीतून चिठ्ठी देणारा बहुधा गावचाच असतो, कधी भाऊ, कधी काका. आपण मुलाला कॉपी पुरवायची आणि दाखल्यावर वर्तणूक ‘चांगली’ मागायची, हे कसे जमणार?

तंबाखूचे पाहा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तरी पुडी आणायला पोरालाच धाडणारे घर गावोगाव सापडेल.

पालकसभेत हे विचारा

पुढच्या पालकसभेला केवळ सही करून उठू नका. आयाबायांनीही जावे. दोन गोष्टी विचाराव्या. एक, शाळेचे नियम लेखी आहेत का, आणि ते आम्हाला मिळतील का? दोन, यंदा पहिल्या तीन नंबरांबरोबर आणखी तीन नावे पुकाराल का? वर्षभरात सर्वांत पुढे सरकलेले मूल, दुसऱ्याला अभ्यासात हात देणारे मूल, आणि अडचण असूनही शाळा न सोडलेले मूल. खर्च एका वहीचा आणि एका पेनचा. तो गावातल्या चार जणांनी वर्गणी करूनही भागेल.

आणि हळदीच्या दिवसांत दहावीतल्या लेकराला शेतावर हाक मारण्याआधी परीक्षेचे वेळापत्रक भिंतीवर लावून घ्या.