रंगाऱ्याची बादली, उतरतं छप्पर आणि माझं परत आलेलं प्रॉब्लेम स्टेटमेंट

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "प्रॉब्लेम स्टेटमेंट कसं लिहायचं?" त्याचा साचा मागितलात तर तो कुठेही मिळेल, म्हणून आज तो देत नाही. त्याऐवजी माझंच एक पान दाखवतो, जे आमच्या मॅडमनी पेन्सिलची एक ओळ लिहून परत केलं होतं. विषय ऐकून हसू येईल: उतरत्या छतावर रंगाची बादली ठेवण्यासाठी ब्रॅकेट.

मी अमेरिकेत मेकॅनिकल डिझाइनमध्ये पीएच.डी. करतोय. पहिल्या वर्षी एका कोर्सची असाइनमेंट होती की डोळ्यांसमोर चाललेलं एखादं काम निवडा आणि त्यातली समस्या एका परिच्छेदात मांडा. त्याच आठवड्यात समोरच्या घराला रंग लागत होता. इथल्या घरांना छपरातून बाहेर आलेली उभी खिडकी असते, तिला डॉर्मर म्हणतात. तिच्या बाजूच्या भिंती रंगवायच्या तर छतावरच उभं राहावं लागतं. रंगारी एका हातानं ब्रश चालवत होता आणि बादली त्यानं बुटानं अडवून धरली होती. म्हणजे बघा, दोन पायांपैकी एक बादलीच्या ड्यूटीवर. माणूस छतावर टिकून होता तो उरलेल्या एका पायावर.

मला विषय मिळाला. मी लिहिलं: "उतरत्या छतावर रंगाची बादली स्थिर ठेवणारा ब्रॅकेट तयार करणे." आणि खाली लगेच गणित सुरू केलं.

ते गणित आधी बघू, कारण त्यात एक गोष्ट खरंच सुंदर आहे. इथे छताचा उतार अंशांत सांगत नाहीत. १२ इंच आडवं गेल्यावर किती इंच चढ, असं सांगतात. '६ इन १२' म्हणजे १२ इंचांत ६ इंच चढ, साधारण २६.६ अंश. '४ इन १२' म्हणजे १८.४ अंश, '८ इन १२' म्हणजे ३३.७. आता अकरावीचं फिजिक्स आठवा. उतारावर ठेवलेली वस्तू घसरू नये म्हणून लागणारा घर्षण गुणांक हा त्या कोनाच्या टॅनइतका असतो, आणि ६ भागिले १२ हाच तर तो टॅन! म्हणजे छताचा उतार सांगितला की लागणारा घर्षण गुणांक सांगून झालाच. ६ इन १२ ला ०.५, ८ इन १२ ला ०.६७. वजन या हिशेबात येतच नाही. "बादली जड आहे, ती नाही घसरायची" हे आपण सहज म्हणतो, पण ते चूक आहे. जड बादली छताला जितकी जास्त दाबते, तितकीच खालीही जास्त ओढते.

पुस्तकात रबर आणि कोरडा खडबडीत पृष्ठभाग यांचा गुणांक ०.६ ते १ च्या आसपास दिलेला असतो. मी लिहून टाकलं की तळाला रबर लावू, ६ इन १२ पर्यंत काळजी नाही. शिवाय वरची ताटली समपातळीत ठेवायची, कारण तिरकी बादली सांडते. तेही मोजलं होतं. पाच गॅलनच्या बादलीचं तोंड साधारण १२ इंच. ती ६ इन १२ वर तशीच ठेवली तर उताराच्या बाजूला रंग कडेजवळ ३ इंच वर चढतो. अशी भरलेली बादली २५ किलोच्या आसपास जाते. एकूण काय, पान भरलं, मी खूश.

मॅडमनी पान परत दिलं. गणिताला हातही लावला नव्हता. पहिल्या वाक्यातल्या 'छतावर' या शब्दाखाली रेघ होती आणि समासात पेन्सिलनं एवढंच: "कोणाचं छत? आणि कधी?"

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला! घरमालकाचं छत, रंग देताना. पण त्या दोन शब्दांवर मी पुढचे तीन आठवडे घालवले.

त्यासाठी आधी हे छत कसं असतं ते सांगायला हवं, कारण आपल्या डोळ्यांसमोर कौलं येतात. मंगलोरी कौल हे रिपेवर नाकानं अडकवलेलं असतं. कौल उचललं की खाली रीप दिसते, वासा दिसतो, दोर बांधायला जागा मिळते. कोकणात शाकारणीच्या वेळी हे सर्रास करतात. इथल्या बहुतेक घरांवर असतात डांबरी शिंगल. फायबरग्लासच्या जाळीवर डांबर आणि त्यावर दगडाचे बारीक दाणे बसवलेली पट्टी. नेहमीची पट्टी १२ इंच रुंद आणि ३६ इंच लांब, त्यातली फक्त ५ इंच उघडी दिसते. बाकीची वरच्या ओळीखाली झाकलेली. खिळे त्या झाकलेल्या भागात. आणि प्रत्येक पट्टीखाली एक चिकट पट्टा असतो, तो उन्हानं तापला की वरची पट्टी खालच्या पट्टीला पक्की चिकटते. एकदा चिकटलं की उचलायचं नाही. उचललंत तर वाऱ्यापावसात ती पट्टी फडफडणार, पुढेमागे घर गळणार.

आता 'कोणाचं छत आणि कधी' कडे येऊ.

छत घालणारे कारागीर वर्षानुवर्षं एक ब्रॅकेट वापरतात, त्याला रूफ जॅक म्हणतात. लोखंडी पट्टीला आकड्यासारख्या खाचा असतात. ती वाशाच्या जागी खिळ्यांनी ठोकायची, त्यावर फळी टाकायची, फळीवर उभं राहून पुढच्या ओळी घालायच्या. काम झालं की ब्रॅकेट वरच्या दिशेनं ठोकला की खाचेतून सुटतो, खिळे तिथेच राहतात आणि वरच्या पट्टीखाली झाकले जातात. अतिशय हुशार साधन. मला तर ते पाहून वाटलं की आपला विषय संपला, उत्तर आधीच आहे.

संपला नव्हता. छतवाला माणूस छत अर्धवट असताना तिथे असतो. त्यानं मारलेला खिळा त्याच दिवशी पुढची ओळ झाकते आणि चिकट पट्टा अजून तापलेला नसतो. रंगारी येतो तेव्हा छत पूर्ण झालेलं असतं, कदाचित दहा वर्षं जुनं. पट्ट्या चिकटलेल्या. त्यात खिळा मारायला घरमालक तयार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. तो रंगाचे पैसे देतोय, गळतीचे नाही. छत तेच, उतार तोच, बादलीही तीच, तरी एकाचं साधन दुसऱ्याच्या कामाचं नाही. माझ्या वाक्यात हा फरक कुठेच नव्हता. 'उतरत्या छतावर' एवढं म्हटलं की रूफ जॅकसुद्धा बरोबर उत्तर ठरतं!

मग खिळा नको, तर शिंगलच्या कडेत काहीतरी अडकवू? मी दोन दिवस असे आकडे काढत बसलो होतो. शेवटी पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहिलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी आत जाऊ नये म्हणून शिंगलची प्रत्येक उघडी कड खालच्या दिशेला, वळचणीकडे तोंड करून असते. तुम्ही पातळ पट्टी खालून वर सरकवून आत घालाल, आणि ती ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं घसरून बाहेर येईल. पाण्याला वाट न देणारी रचना आकड्यालाही पकड देत नाही. दोन दिवसांच्या स्केचेसपेक्षा पाच मिनिटांचा पुठ्ठा कामाला आला. (हे ज्यांना मॉडेल बनवायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. त्यात मीही आलो.)

राहिलं घर्षण. माझं ०.६ ते १ घ्या आणि ते खऱ्या छतावर नेऊन ठेवा. जुन्या शिंगलवरचे सुटे दाणे रबराखाली आले तर ते बारीक छर्ऱ्यांसारखे गरगरतात. सकाळी दव असतं. कडक उन्हात डांबर मऊ होतं आणि तेव्हा रबर घसरतच नाही, रबराला चिकटून दाणेच सुटून येतात. म्हणजे घसरण रबर आणि शिंगल यांच्यामध्ये होत नाही, शिंगलच्या आत होते. पुस्तकातला आकडा या जागेबद्दल काही बोलतच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जिथे रंगाची बादली आहे तिथे रंग सांडणार. सांडलेल्या ओल्या रंगावर रबराचं काय होईल याची कल्पना करा. मी मोजमाप केलं होतं ते एका स्वच्छ, कोरड्या, नव्या छताचं, आणि तसं छत रंगाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतं.

आता थोडं शोधाबद्दल, कारण इथे विद्यार्थी फार अडखळतात. पेटंटं शोधताना मी आधी नुसते शब्द टाकत होतो: रूफ, ब्रॅकेट, पेंट. निकाल हजारो, उपयोग शून्य. मग वर्गीकरणाच्या कोडनं शोधायला शिकलो. गंमत अशी की ही एकच बादली तीन वेगवेगळ्या कप्प्यांत असू शकते. छतावरच्या कामाच्या परांच्या ई०४जी ३/२६ मध्ये. शिडीला बादली किंवा सामान अडकवायची साधनं ई०६सी ७/१४ मध्ये. रंगाचे डबे धरायची साधनं बी४४डी ३/१४ मध्ये. परांचीवाल्याला छत दिसतं, शिडीवाल्याला शिडी आणि रंगवाल्याला डबा. तुमच्या विषयातही असे कप्पे असणार. एकाच कप्प्यात शोधून "यावर काम झालेलं नाही" असं कृपा करून लिहू नका.

पेटंट वाचताना चित्रावर भुलू नका, दावे वाचा. प्रत्येक दावा हे एकच लांबलचक वाक्य असतं आणि त्यातला एकेक घटक मोजून बघायचा असतो. आणि भारतात अर्ज करायचा विचार असेल तर १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(एफ) आधी वाचा. ओळखीची साधनं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध धरला जात नाही. रबरी तळ अधिक ताटली, म्हणजे माझं पहिलं पान, तिथेच अडलं असतं.

दुसरं वाचन नियमांचं. हे मी उशिरा केलं, तुम्ही लवकर करा. अमेरिकेत बांधकामातल्या सुरक्षेचे नियम ओशा या सरकारी संस्थेचे आहेत आणि घराला रंग देणंही त्यात येतं. साधारणपणे ६ फुटांवर काम असेल तर पडण्यापासून संरक्षण हवं. ४ इन १२ पेक्षा जास्त उतार म्हणजे 'तीव्र' छत. छतावरच्या ब्रॅकेटच्या परांचीबद्दल तर स्पष्ट आहे की ब्रॅकेट खिळ्यांनीच पक्के करायचे, आणि खिळे मारणं व्यवहार्य नसेल तर पाऊण इंची उत्तम मनिला दोर किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी. टोकदार दाते असलेल्या ब्रॅकेटनाही हे लागू. म्हणजे नुसत्या पकडीवर नियम लिहिणाऱ्यांचाही विश्वास नव्हता. माझा मात्र होता!

दोराचा विचार तिथून सुचला. वरून, आढ्यापलीकडून टांगायचं. ६ इन १२ वर २५ किलोची बादली उतारावरून फक्त ११ किलोच्या आसपास जोरानं ओढते. एवढं तर साधा दोरही सहज पेलेल. पण तो बांधायचा कुठे? समोर रंगाऱ्याच्या सेफ्टी हार्नेसचा अँकर तयारच असतो आणि तिथेच बांधायचा मोह होतो. तो आवरा. माणूस जिथे बांधलाय त्या अँकरला प्रत्येक माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे जवळजवळ २,२७० किलो पेलता यावेत असा सर्वसाधारण नियम आहे, आणि परांची ज्यावर टांगली आहे तो अँकर माणसासाठी चालत नाही. आपली बादली काही परांची नव्हे. तरी ज्या कारणासाठी तो नियम आहे, ते कारण बादलीलाही लागू आहे असं माझं मत.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पान असं झालं: "पूर्ण झालेल्या, चिकटलेल्या डांबरी शिंगलच्या छतावर, शिंगल न उचलता आणि न भोसकता, ४ ते ८ इन १२ उतारावर, २५ किलोपर्यंतची रंगाची बादली समपातळीत धरणारं, आणि छत ओलं किंवा रंगानं निसरडं असतानाही केवळ घर्षणावर न विसंबणारं साधन, जे रंगाऱ्याच्या स्वतःच्या सुरक्षा-दोराशी जोडलेलं नसेल." वाक्य कुरूप आहे, मान्य. पण यातल्या प्रत्येक तुकड्यावर चाचणी घेता येते आणि प्रत्येक तुकडा कुठला तरी सोपा मार्ग बंद करतो.

मॅडमनी या वेळी पान ठेवून घेतलं. खाली पेन्सिलनं पुन्हा एक ओळ होती: "त्यावर त्यानं पाय ठेवला तर?"

ठेवणारच की. छतावर सपाट जागा दिसली की पाय आपोआप तिकडे जातो, आणि २५ किलोसाठी केलेल्या ताटलीवर ८० किलोचा माणूस उभा राहतो. दोनच वाटा होत्या. एक, ते माणसासाठीच बनवायचं. मग ती परांची झाली, आणि परांचीला अपेक्षित भाराच्या चौपट भार पेलावा लागतो. दुसरी, पाय ठेवताच येऊ नये असं करायचं. मी दुसरी घेतली. सध्या माझ्या स्केचमध्ये ताटली नाही, नुसतं एक कडं आहे. बादली खाली निमुळती असते, ती कड्यात अडकून बसते. बादली काढली की मध्ये भोक उरतं, आणि भोकावर कोणी उभं राहायला जात नाही.